मधला मुक्काम टाळणारी क्रांती

क्रांती झाल्यावर राज्यसंस्थेचे काय करायचे, या एका प्रश्नावरून समाजवादी चळवळीत 1872 मध्ये हेग येथील अधिवेशनात जी फूट पडली ती आजतागायत सांधली गेलेली नाही. एका बाजूला कार्ल मार्क्स आणि त्याचे अनुयायी होते, दुसऱ्या बाजूला मिखाईल बाकुनिन आणि त्याच्याशी सहमत असलेले संघ होते, आणि दोघांच्याही अंतिम ध्येयात फारसा फरक नव्हता, हे या भांडणाचे वैशिष्ट्य आहे. वर्ग नाहीत, मालक नाही, पोलीस नाही, तुरुंग नाही, असा समाज दोघांनाही हवा होता. मतभेद होता तो तिथे पोहोचण्याच्या वाटेबद्दल आणि विशेषतः त्या वाटेवरच्या एका मुक्कामाबद्दल. मार्क्सने 1875 मध्ये जर्मन कामगार पक्षाच्या गोथा येथील कार्यक्रमावर जी टिपणे लिहिली त्यांत त्याने म्हटले की भांडवलशाही समाज आणि साम्यवादी समाज यांच्या दरम्यान परिवर्तनाचा एक काळ असतो, आणि त्या काळातली राज्यसंस्था ही कामगारवर्गाच्या हुकूमशाहीखेरीज दुसरी काही असू शकत नाही. या मधल्या राज्यसंस्थेला संक्रमणकालीन कामगारराज्य म्हणतात. सत्ता हाती घेतलेला कामगारवर्ग तिच्या साहाय्याने जुन्या मालकवर्गाचा प्रतिकार मोडील, उत्पादनाची साधने सार्वजनिक करील, आणि हे काम जसजसे पुरे होईल तसतशी राज्यसंस्थेची गरज संपून ती आपोआप विरून जाईल, असा हा आराखडा आहे. लेनिनने 1917 च्या उन्हाळ्यात अज्ञातवासात असताना लिहिलेल्या ‘राज्यसंस्था आणि क्रांती’ या पुस्तकात तो अधिक तपशिलाने मांडला.

या प्रकरणाचा विषय आहे तो हा मुक्काम नाकारणारा विचार. विरून जाण्यासाठी म्हणून उभारलेली राज्यसंस्था कधीच विरत नाही, उलट ती घट्ट होत जाते, हे त्याचे गृहीतकृत्य. आणि म्हणून राज्यसंस्थेचे विसर्जन हे क्रांतीचे अखेरचे फळ न ठरता तिचे पहिले काम ठरले पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष. मराठीत या विचाराला अराज्यवाद म्हणतात, आणि ‘अराजक’ या शब्दापासून तो काळजीपूर्वक वेगळा ठेवावा लागतो. अराजक म्हणजे व्यवस्था कोसळणे, मोठ्या माशाने लहान माशाला गिळणे, ज्याला आपल्या परंपरेत मात्स्यन्याय म्हटले गेले. अराज्यवाद म्हणजे व्यवस्था हवी पण तिचा दंडधारी धनी नको, अशी भूमिका. गंमत अशी की महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म राजसंस्थेची उत्पत्ती सांगतो तेव्हा या दोन्ही कल्पना जवळजवळ ठेवलेल्या सापडतात: आरंभी राजा नव्हता, दंड नव्हता, आणि लोक धर्मानेच एकमेकांना सांभाळत होते, हे वर्णन तिथे आहे, आणि राजा नसेल तर लोक एकमेकांना खातील, ही भीतीही तिथेच आहे. राज्यशास्त्राच्या आपल्या पाठ्यपुस्तकांनी दुसरा भाग उचलला आणि पहिला सोडून दिला.

राज्यसंस्था नाकारणाऱ्या या डाव्या विचारात निदान तीन प्रवाह आहेत, आणि ते एकमेकांशी पुष्कळ भांडलेले आहेत. सर्वांत जुना प्रवाह बाकुनिन आणि पीटर क्रोपोटकिन यांचा. बाकुनिनने 1873 मध्येच असा युक्तिवाद केला होता की कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सत्तेवर गेलेली माणसे त्या क्षणापासून कामगार उरत नाहीत. ती जगाकडे सरकारी उंचीवरून पाहू लागतात आणि लोकांचे प्रतिनिधित्व करण्याऐवजी स्वतःचे आणि स्वतःच्या राज्य करण्याच्या हक्काचे प्रतिनिधित्व करतात. क्रोपोटकिनने प्रश्न भाकरीपासून सुरू केला. क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शहराला जेवू कोण घालणार, याचे उत्तर नव्या सरकारच्या हुकुमाची वाट न पाहता वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनीच दिले पाहिजे, अन्नधान्य, घरे आणि कपडे यांचा हिशेब त्यांनीच घेतला पाहिजे, आणि मजुरी ही पद्धतच थांबली पाहिजे, असे त्याने 1892 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या लेखमालेत मांडले. मजुरी थांबवण्याचा मुद्दा इथे कळीचा आहे. कोणाच्या कामाला किती मोल हे ठरवणारा कोणी तरी असल्याखेरीज मजुरी देता येत नाही, आणि हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे हळूहळू बाकीचे अधिकारही जातात, अशी ही साखळी आहे.

दुसरा प्रवाह मार्क्सला मानणाऱ्यांचाच, पण लेनिनशी फारकत घेतलेला. 1918-19 मध्ये जर्मनीत कामगारांच्या आणि सैनिकांच्या परिषदा उभ्या राहिल्या, आणि त्या अनुभवातून डच खगोलशास्त्रज्ञ आन्टोन पानेकुक, कवी हेर्मान गोर्टर, जर्मन शिक्षणतज्ज्ञ ओटो र्‍यूले यांनी जो विचार पुढे नेला त्याला परिषद-साम्यवाद म्हणतात. लेनिनने 1920 मध्ये डाव्या साम्यवादाला बाळरोग म्हणून हिणवले, तेव्हा गोर्टरने त्याला खुल्या पत्राने उत्तर दिले, आणि र्‍यूलेने तर क्रांती हे पक्षाचे कामच नव्हे अशी भूमिका घेतली. या मंडळींच्या मते सत्ता पक्षाकडे न जाता कारखान्यातल्या सर्वसाधारण सभेकडे आणि तिने पाठवलेल्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे राहिली पाहिजे. प्रतिनिधी या शब्दाचा इथला अर्थ आमदार-खासदाराच्या अर्थापेक्षा वेगळा आहे. आमदार एकदा निवडून गेला की पाच वर्षे स्वतःच्या मताने वागतो. परिषदेचा प्रतिनिधी सभेने ठरवून दिलेले मत घेऊन जातो, त्याबाहेर बोलला तर सभा त्याला त्याच आठवड्यात परत बोलावते, आणि त्याला मिळतो तो साध्या कामगाराचाच पगार. मुलुंड किंवा बोरिवलीच्या कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत वार्षिक सर्वसाधारण सभेला बसलेल्या माणसाला ही कल्पना कागदावर किती सोपी आणि व्यवहारात किती दमवणारी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही: पाण्याच्या टाकीवर मत सगळ्यांना असते, पण समितीत बसायला कोणी तयार नसते आणि शेवटी तोच एक चिटणीस वर्षानुवर्षे राहतो. परिषद-साम्यवाद्यांना या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. कामाचे तास कमी झाल्याशिवाय सभा जिवंत राहत नाहीत, हे त्यांचे उत्तर होते.

हॉलंडमधल्या अशाच एका गटाने 1930 मध्ये साम्यवादी उत्पादन आणि वाटप यांची मूलतत्त्वे सांगणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी की प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत न मांडता ती बनवायला समाजाला सरासरी किती श्रमतास लागले यात मांडायची, कामगाराला त्याच्या तासांचे प्रमाणपत्र द्यायचे, ते चलनासारखे हातोहात फिरू द्यायचे नाही, आणि हा हिशेब कारखान्यांनी उघडपणे एकमेकांना दाखवायचा, म्हणजे वरून योजना लादणाऱ्या मंत्रालयाची गरज उरणार नाही. साकीनाक्याच्या गाळ्यात सुटे भाग बनवणाऱ्या कारागिराला दर नगामागे पैसे मिळतात. त्याला कच्च्या मालात, यंत्राच्या झिजेत आणि स्वतःच्या हातात किती तास गेले हे कोणी विचारत नाही. हा हिशेब समोर आला तर शोषण लपून राहणार नाही, अशी त्या गटाची समजूत होती.

तिसरा प्रवाह 1968 च्या पॅरिसनंतरचा आणि त्यातल्या त्यात कडवा. फ्रान्समधील जिल दोवे आणि ‘तेओरी कोम्युनिस्त’ या गटाने मांडलेल्या या विचाराला साम्यीकरण म्हणता येईल. त्याच्या मते श्रमतासांचे प्रमाणपत्र हेदेखील मजुरीचेच सौम्य रूप आहे, आणि कामगारांनी चालवलेला कारखाना हा बाजारात माल विकत राहिला तर तो कामगारांनी स्वतःच स्वतःवर चालवलेला मालकाचा कारभार ठरतो. म्हणून क्रांती आधी आणि साम्यवाद नंतर असे दोन टप्पे करताच येत नाहीत; पैसा, मजुरी आणि मालकी यांचा व्यवहार मोडत जाणे हीच क्रांतीची कृती. हा विचार तर्काच्या अंगाने अभेद्य आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तो कोणत्याही प्रत्यक्ष घटनेला लावून पाहणे अवघड होते.

या सगळ्या वादाशी मुंबईचा संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. मांडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य हे 1887 मध्ये मद्रासमध्ये जन्मलेले क्रांतिकारक. सुब्रह्मण्य भारतींच्या ‘इंडिया’ या पत्राशी त्यांचा संबंध होता. पुढे ते लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या सहवासात राहिले, पॅरिसमध्ये मादाम कामा आणि वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर काम केले, पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि तुर्कस्तानातून ब्रिटिशांविरुद्ध खटपटी केल्या, आणि 1919 मध्ये राजा महेंद्रप्रताप यांच्यासह मॉस्कोत जाऊन लेनिनची भेट घेतली. ऑक्टोबर 1920 मध्ये ताश्कंदला परदेशस्थ भारतीयांनी कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद आचार्यांकडे होते. पण थोड्याच महिन्यांत मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी त्यांचे पक्षाच्या नियंत्रणावरून बिनसले आणि 1921 च्या आरंभी त्यांना बाजूला सारण्यात आले.

आचार्य रशियात होते ते नेमके संक्रमणकालीन कामगारराज्याच्या घडणीच्या वर्षांत. 1917 मध्ये रशियन कारखान्यांत कामगारांच्या समित्या आपणहून उभ्या राहिल्या होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारने कामगारांच्या नियंत्रणाला हुकुमाने मान्यताही दिली होती. पण डिसेंबरात अर्थव्यवस्थेसाठी एक सर्वोच्च मंडळ नेमले गेले, आणि 1918 च्या वसंतापासून लेनिनने कारखान्यात एकाच व्यवस्थापकाच्या शब्दाला अंतिम मानण्याचा आग्रह धरला. मार्च 1921 मध्ये क्रोनस्टाट येथील नौसैनिकांनी पक्षाच्या वर्चस्वाविना निवडलेल्या सोव्हिएतांची मागणी केली आणि लाल सेनेने त्यांचा उठाव मोडून काढला. आचार्य 1922 च्या अखेरीस बर्लिनला पोहोचले, ते अराज्यवादी होऊनच. त्या डिसेंबरात बर्लिनमध्ये जगभरच्या अराज्यवादी कामगार संघटनांचा जो आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला त्याच्या अधिवेशनाला ते हजर होते, आणि रुडोल्फ रॉकर, अलेक्झांडर बर्कमन यांच्या वर्तुळात ते पुढची वर्षे वावरले.

1935 मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईत स्थायिक झाले. त्यांच्या पत्नी माग्दा नाखमान या सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकलेल्या चित्रकार; मुंबईच्या कलावर्तुळात त्यांना मान होता. स्वतः आचार्यांनी 1937 मध्ये पुण्याच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकात आपल्या क्रांतिकारक जीवनाच्या आठवणी लिहिल्या. केसरी-मराठ्याच्या वाचकांना त्यांतला लंडन-पॅरिसचा भाग भावला असणार. लेखकाने पुढे घेतलेल्या वळणाची त्यांच्यातल्या किती जणांना कल्पना होती, हा प्रश्नच आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास सगळ्या पक्षांना राष्ट्रीयीकरणाची आणि पंचवार्षिक योजनांची ओढ लागली असताना आचार्य मुंबईत बसून लिहीत होते की सरकारने कारखाने ताब्यात घेणे म्हणजे समाजवाद नव्हे, ती राज्यसंस्थेची भांडवलशाही. मालक बदलतो, मजुरी तशीच राहते, आणि आता संप केला तर तो देशद्रोह ठरतो. 1947 मध्ये त्यांनी अहिंसक अर्थव्यवस्थेची तत्त्वे सांगणारी एक पुस्तिका लिहिली. तिच्या नावातली अहिंसा ही गांधीवादी शिष्टाचारापुरती नाही. ज्या अर्थव्यवस्थेत वाटप पैशाने आणि मालकीने होते ती टिकवायला अखेर बंदूक लागतेच, म्हणून हिंसा थांबवायची तर मजुरी आणि पैसा यांना हात घालावा लागेल, असा तो युक्तिवाद आहे. क्रोपोटकिनची भाकरी आणि गांधींचा चरखा यांना इतक्या सरळपणे एका ओळीत बसवणारा दुसरा लेखक त्या काळात क्वचितच सापडेल.

आचार्यांना आश्रय मिळाला तो मुंबईचे पिठाच्या गिरणीचे मालक रणछोडदास भवान लोटवाला यांच्याकडून. हे लोटवाला म्हणजे एक अजब व्यक्तिमत्त्व. श्रीपाद अमृत डांगे यांनी 1921 मध्ये गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली तेव्हा तिने प्रभावित होऊन डांग्यांना आणि त्यांच्या मित्रांना आर्थिक बळ देणारे आणि मार्क्सवादी पुस्तके मिळवून देणारे हेच. म्हणजे मुंबईतल्या साम्यवादाचे पहिले ग्रंथालय एका गिरणीमालकाच्या पैशावर उभे राहिले. पुढे रशियाबद्दल त्यांचा भ्रमनिरास झाला आणि त्यांनी काढलेली समाजशास्त्राची संस्था आचार्यांच्या प्रभावाखाली 1947 नंतर ‘लिबर्टेरियन सोशालिस्ट इन्स्टिट्यूट’ झाली. बाकुनिनसारख्या लेखकांची पुस्तके मुंबईत छापून स्वस्तात उपलब्ध करून देणे हे तिचे मोठे काम. कामगारांपर्यंत ती किती पोहोचली, हे सांगायचे तर उत्तर निराशाजनक आहे: सगळा व्यवहार इंग्रजीत होता, आणि परळ-लालबागच्या गिरणगावाची भाषा मराठी होती. माग्दा नाखमान 1951 मध्ये आणि आचार्य 20 मार्च 1954 रोजी मुंबईतच वारले.

आचार्यांच्या ताश्कंदमधल्या प्रतिस्पर्ध्याचा प्रवास त्याच दिशेने झाला, हा इतिहासाचा खोडकरपणा म्हटला पाहिजे. मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1948 मध्ये स्वतःचाच रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला आणि पक्षविरहित लोकसमित्यांचा पुरस्कार केला. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यासारखी मराठी माणसे त्या वाटेवर त्यांच्याबरोबर होती. विनोबा भावे यांचा शासनमुक्त समाजाचा विचारही याच शेजारचा, मात्र तिथे वर्गसंघर्षाची जागा हृदयपरिवर्तनाने घेतली. राज्यसंस्थेवरचा अविश्वास महाराष्ट्राला नवा नाही. नवी आहे ती त्या अविश्वासाला कारखान्याच्या दारापर्यंत नेण्याची कल्पना.

आणि ती प्रत्यक्षात आली तर कशी दिसेल, याचे जवळात जवळ जाणारे उदाहरण उपनगरांतच घडले. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग हा एके काळी अभियांत्रिकी, औषधे, टायर, मोटारी आणि धातू यांच्या कारखान्यांनी भरलेला होता, आणि कुर्ल्याजवळच्या ‘कमानी’ या नाक्याला नाव मिळाले ते रामजीभाई कमानी यांच्या उद्योगसमूहामुळे. त्यातल्या कमानी ट्यूब्ज या कंपनीत तांब्याच्या आणि पितळेच्या नळ्या बनत. कमानी कुटुंबातल्या वारसांच्या भांडणात कंपनीची वाताहत झाली आणि 1985 मध्ये कारखाना बंद पडला. सुमारे सहाशे कामगार रस्त्यावर आले. अशा वेळी कामगार संघटनेने करायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या: थकीत देण्यांसाठी दावा, सरकारने कारखाना ताब्यात घ्यावा म्हणून मोर्चा, किंवा नव्या मालकाचा शोध. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या कमानी एम्प्लॉईज युनियनने यांपैकी काहीच न करता कारखाना आम्हीच चालवतो, असा प्रस्ताव मांडला.

हा प्रस्ताव ज्या दारातून आत गेला ते दार सरकारनेच नुकतेच उघडलेले होते, हे विसरता येणार नाही. 1985 च्या आजारी उद्योगविषयक कायद्याने औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले आणि 1987 मध्ये ते काम करू लागले. आजारी कंपनीचे पुनरुज्जीवन करण्याच्या योजना या मंडळाने तपासायच्या होत्या. कामगारांनीच योजना आणावी, हे कायद्याच्या मसुदाकारांच्या मनात क्वचितच असेल. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1988 मध्ये न्यायालयाने कामगारांची योजना मान्य केली. जुन्या भागधारकांना दर भागामागे एक रुपया देऊन त्यांचे भाग कामगारांकडे आले. कामगारांनी वेतनात कपात पत्करली, स्वतःच्या साठलेल्या पैशांतून भांडवल घातले, बँकांनी आणि सरकारी यंत्रणांनी सवलती दिल्या, आणि 1989 मध्ये भट्ट्या पुन्हा पेटल्या. पहिल्या वर्षांत उत्पादन सावरले, नफाही दिसला, आणि देशभरच्या बंद कारखान्यांतून कामगारांची शिष्टमंडळे कुर्ल्याला पाहायला येऊ लागली.

या घटनेला क्रांती म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि तिथल्या कामगारांनीही तसे कधी म्हटले नाही. तरीही राज्यसंस्थेविना संक्रमणाचा जो सिद्धांत वर सांगितला त्याची परीक्षा घ्यायला ती फार उपयोगी आहे, कारण एकाच कारखान्यात तिन्ही प्रवाहांचे प्रश्न हजर होतात. परिषद-साम्यवाद्यांचा प्रश्न असा: निर्णय कोण घेतो? कमानीत मालकी कामगारांची होती, पण दैनंदिन कारभार बाहेरून आणलेल्या व्यावसायिक व्यवस्थापकांकडे होता, युनियनचे पुढारी संचालक मंडळात होते, आणि युनियन ही मालकाचे काम करणार की कामगाराचे गाऱ्हाणे मांडणार, हा गुंता पहिल्या दिवसापासून होता. शॉप फ्लोअरवरच्या समित्या सल्ला देत. हुकूम जुन्याच शिडीवरून खाली येत असे. लेनिनने 1918 मध्ये एका व्यवस्थापकाचा जो आग्रह धरला त्याची कारणे आणि कुर्ल्यातल्या व्यवस्थापकांची कारणे ऐकली तर ती विलक्षण सारखी आहेत: बँक एका सहीवर कर्ज देते, ग्राहक एका माणसाशी बोलू इच्छितो, आणि सभेला वेळ लागतो. इथे राज्यसंस्थेचा मोह नव्हता, पक्षाचे षड्‌यंत्र नव्हते, तरी शिडी आली. बाकुनिनच्या अनुयायांनी या मुद्द्यावर थांबून विचार करायला हवा, कारण नोकरशाही ही केवळ सत्तेच्या खुर्चीतून जन्मते, हे त्यांचे निदान इथे अपुरे पडते.

साम्यीकरणवाद्यांचा प्रश्न अधिक बोचरा आहे, आणि कमानीपुरता तरी तो खरा ठरला. नळ्या बाजारात विकायच्या होत्या. त्यासाठी लागणारे तांबे रोखीने घ्यायचे होते, ते देशात काढणारी हिंदुस्थान कॉपर ही कंपनी सरकारी होती, खेळते भांडवल बँकांकडून यायचे होते आणि मोठ्या बँका 1969 पासून सरकारच्याच होत्या. गेटच्या आत मालक नव्हता, पण गेटच्या बाहेर जे काही होते ते सगळे जसेच्या तसे होते. वेतनकपात कोणी लादली, असे विचारले तर उत्तर येते: कामगारांनी स्वतः. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाली, स्पर्धा वाढली, खेळत्या भांडवलाची टंचाई जाणवू लागली, युनियन आणि व्यवस्थापक यांच्यातले मतभेद विकोपाला गेले, आणि हा प्रयोग टिकला नाही. थंकप्पन यांनी त्यातून मिळालेला अनुभव घेऊन दिल्लीत कामगार-व्यवस्थापनाच्या अभ्यासाचे केंद्र उभारले, पण कुर्ल्याची पुनरावृत्ती त्या प्रमाणावर मुंबईत झाली नाही.

मार्क्सवादी टीकाकार इथे लगेच म्हणतील की हेच तर आम्ही सांगत होतो: बँका, तांबे आणि वीज ताब्यात असलेले कामगारराज्य पाठीशी नसेल तर एकटा कारखाना गुदमरणारच. या टीकेत जोर आहे, आणि तिचा सर्वांत मोठा पुरावा स्पेनमध्ये आहे. जुलै 1936 मध्ये बार्सिलोनातल्या अराज्यवादी कामगार संघटनेने लष्करी बंड मोडले, ट्रामपासून कापड गिरण्यांपर्यंत शहराचे उद्योग कामगारांनी चालवायला घेतले, आरागॉनच्या खेड्यांत शेते सामूहिक झाली; सरकार मात्र तसेच राहू दिले गेले. परदेशी चलन, सोन्याचा साठा आणि शस्त्रे त्या सरकारकडे होती, आणि नोव्हेंबर 1936 मध्ये याच संघटनेचे चार पुढारी मंत्री होऊन त्या सरकारात बसले. अराज्यवादाच्या इतिहासातला हा सर्वांत अवघडलेला प्रसंग. त्याचा अर्थ मात्र दोन्ही बाजूंनी लावता येतो: राज्यसंस्था हवीच होती असा एक, आणि तिला अर्धवट सोडून दिले हीच चूक झाली, बँका पहिल्याच आठवड्यात लोकांच्या हाती जायला हव्या होत्या, असा दुसरा. दुसरा अर्थ अधिक खोल आहे, असे या प्रकरणाच्या लेखनात गृहीत धरले आहे, कारण पहिला अर्थ रशियात खरा होऊनही कारखाना-समित्या वाचल्या नव्हत्या. बँका, तांबे आणि वीज तिथे कामगारराज्याच्याच हाती होती. म्हणजे कमानीत पत नव्हती म्हणून कामगारांचे नियंत्रण गेले आणि पेट्रोग्राडमध्ये पत होती तरी गेले. तेव्हा कळीचा मुद्दा मधल्या राज्यसंस्थेच्या असण्यानसण्याइतकाच, किंवा त्याहून अधिक, कारखान्याकारखान्यांमधला व्यवहार कशाच्या आधारे चालणार हा आहे. 1930 च्या डच गटाने श्रमतासांच्या हिशेबाचा जो रूक्ष, कोष्टकांनी भरलेला उद्योग केला तो म्हणूनच बाकुनिनच्या ज्वलंत भविष्यवाणीपेक्षा आज जास्त वाचनीय वाटतो.

मुंबईच्या डाव्या वर्तुळात या दिशेने थोडा अभ्यास झालाही. ऐंशीच्या दशकात जयरस बनाजी आणि रोहिणी हेन्समन यांचा सहभाग असलेल्या युनियन रिसर्च ग्रुपने बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कारखान्यांतील ‘एम्प्लॉईज युनियन’ या प्रकाराकडे लक्ष वेधले. पक्षाच्या मध्यवर्ती महासंघाला न जोडलेल्या, त्या त्या कारखान्यातल्या कामगारांनी स्वतः चालवलेल्या, कंपनीच्या ताळेबंदाचा बारकाईने अभ्यास करून वाटाघाटीला बसणाऱ्या या संघटना मुंबई परिसराचे वैशिष्ट्य होत्या. घाटकोपरमध्ये डॉक्टरकी करता करता कामगार पुढारी झालेल्या दत्ता सामंतांची शैली याच्या अगदी उलट. एका माणसाच्या शब्दावर सगळे ठरे. जानेवारी 1982 मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप त्यांच्या नावावर उभा राहिला. पक्षांच्या महासंघांबाहेर राहणे एवढे मात्र दोन्हींत समान होते.

कमानीकडे पाहताना पॅरिसचा एक जुना हुकूम आठवणे अपरिहार्य आहे. पॅरिस कम्यूनने 16 एप्रिल 1871 रोजी ठरवले की मालक सोडून गेलेल्या कारखान्यांची यादी करावी आणि ते कामगारांच्या सहकारी संस्थांना चालवायला द्यावेत. अराज्यवादी आणि मार्क्सवादी दोघेही या हुकुमाचा अभिमानाने उल्लेख करतात. त्यातल्या एका कलमाचा मात्र दोघेही सहसा करत नाहीत. मालक परत आले तर त्यांना किती भरपाई द्यायची हे ठरवण्यासाठी एक लवाद मंडळ नेमण्याची तरतूद त्यात होती. 28 मे रोजी कम्यून बुडाली, त्यामुळे लवादाची बैठक घेण्याची वेळच आली नाही. कुर्ल्यात ती 117 वर्षांनी आली, आणि भरपाई ठरली दर भागाला एक रुपया.

ज्या कायद्याच्या दारातून कमानीचे कामगार आत गेले तो 2016 मध्ये रद्द झाला आणि पुनर्रचना मंडळही त्याबरोबर गेले. त्याच्या जागी आलेल्या दिवाळखोरी संहितेत कंपनी मोडीत निघाली की कामगारांच्या 24 महिन्यांच्या थकीत वेतनाला तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीचे स्थान आहे. आजारी कारखान्यासाठी योजना आणणाऱ्याला तिथे अर्जदार म्हणतात. कामगाराचे नाव येते ते घेणेकऱ्यांच्या यादीत.